हायड्रोजेल: चार पाकिटं, त्यातलं कुंडीच्या कामाचं कोणतं?

पाकिटावर ‘वजनाच्या ४०० पट पाणी धरून ठेवतं’ असं ठळक छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त तो आकडा डिस्टिल्ड वॉटरचा असतो, आणि डिस्टिल्ड वॉटर घालून मोगरा कोणी वाढवत नाही. इंदुरात एप्रिल लागला की गच्चीवरच्या कुंड्या दुपारपर्यंत खडखडीत होतात. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. त्यात सुट्टीत आठवडाभर पुण्याला किंवा नागपूरला जायचं ठरलं की कुंड्यांचं काय करायचं, हा प्रश्न सुदामा नगरपासून टिळक नगरपर्यंत प्रत्येक घरात निघतो. त्यावर दुकानदार आणि ऑनलाइन जाहिराती एकच उत्तर पुढे करतात: हायड्रोजेल, म्हणजे मातीत मिसळायचा, पाणी पिऊन फुगणारा आणि ते हळूहळू सोडणारा पदार्थ. हे परीक्षण त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मालाचं आहे, एखाद्या ब्रँडचं नाही. ब्रँडाब्रँडांत फरक थोडा, प्रकाराप्रकारांत मात्र खूप.

मत आधीच सांगून टाकतो. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) हलक्या मिश्रणात पोटॅशियमचं दाणेदार जेल पैसे वसूल करतं. नुसत्या काळ्या मातीत करत नाही. डायपरमधली पांढरी पूड कुंडीत घालू नये. आणि रंगीत मणी लहान मूल असलेल्या घरात आणूच नयेत.

‘हायड्रोजेल द्या’ म्हटलं की काउंटरवर चारपैकी काहीही येऊ शकतं. पहिला प्रकार पांढरी, बारीक साखरेसारखी पूड. हे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, म्हणजे डायपर आणि सॅनिटरी पॅडच्या पोटात असतं तेच. पाकिटावर रासायनिक नाव नसेल तर कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, बघा. ९००३-०४-७ असेल तर ही तीच पूड आहे. दुसरा प्रकार १ ते ३ मिलिमीटरचे ओबडधोबड, अर्धपारदर्शक दाणे. हे पोटॅशियम पॉलिअॅक्रिलेट किंवा पोटॅशियम आणि अॅक्रिलामाइड मिळून केलेलं को-पॉलिमर, शेतीसाठी बनवलेलं. तिसरा पुसा हायड्रोजेल. हे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलं, सेल्युलोजच्या सांगाड्यावर पॉलिअॅक्रिलेट जोडून, त्यामुळे ते अर्धकृत्रिम आहे. संस्थेच्या दाव्याप्रमाणे ते वजनाच्या किमान ३५० पट पाणी घेतं आणि ४०-५० अंश तापमानातही काम करतं. चौथा प्रकार मोहरीएवढे रंगीत मणी, जे पाण्यात फुगून काचेच्या फुलदाणीत चमकतात. यांचा बागकामाशी संबंध फक्त पाकिटावरच्या झाडाच्या चित्रापुरता.

पाचवी वस्तू चुकून हातात येते ती सिलिका जेल. बुटांच्या खोक्यात छोट्या पुडीत असते ती. ती हवेतली वाफ टिपते, तीही फार तर स्वतःच्या वजनाच्या ३०-४० टक्के. तिचा या मालाशी काही संबंध नाही आणि मातीत घालून काही उपयोगही नाही.

आता ४०० चे १०० कसे होतात ते बघू. पॉलिमरची साखळी लांबलचक असते आणि जागोजागी दुसऱ्या साखळ्यांना बांधलेली असते. म्हणून ती विरघळत नाही, नुसती फुगते. साखळीवर ऋण भार आणि त्याला धरून सोडियम किंवा पोटॅशियमचे सुटे आयन. बाहेरच्या पाण्यात क्षार नसतील तर आतले आयन पाण्याला जोरात ओढून घेतात. बाहेरच क्षार जास्त असतील तर ती ओढ मरते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम याहून वाईट. त्यांचा भार दुप्पट, त्यामुळे एक आयन दोन साखळ्यांना एकत्र पकडतो. जाळी आवळली जाते आणि जेल नीट फुगत नाही. माळव्याच्या बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. नळाच्या पांढऱ्या डागांवरून ते कळतंच. म्हणून अंदाजे हिशेब असा धरा: शुद्ध पाण्यात ३०० ते ४०० पट, नळाच्या पाण्यात १०० ते २००, जड बोअरिंगमध्ये १०० च्या खाली, आणि ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात जेमतेम ३० ते ५० पट. डायपर शेवटच्या आकड्यावर चालतो, कारण लघवी खारट असते.

पाकीट घेतल्यावर घरीच तपासा, याला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५ ग्रॅम दाणे मोजा. १ ग्रॅम मोजायला जाऊ नका, घरगुती काट्याची चूक तिथे मोठी पडते. दोन लिटर पाण्यात टाकून दाणेदार माल दोन तास, पूड अर्धा तास ठेवा. मग ओल्या करून पिळलेल्या सुती पंच्यात ओतून दहा मिनिटं निथळू द्या. पिळू नका, दाबू नका. जेल भांड्यात काढून वजन करा, भांड्याचं वजन वजा करा, ५ ने भागा. नळाच्या पाण्यात आकडा ८० च्या खाली आला तर माल जुना, ओल लागलेला किंवा भेसळीचा. ५०० पटींचा दावा असलेल्या पाकिटातून १२० आले तर रुसायचं कारण नाही, तो चांगला माल आहे. हाच प्रयोग बोअरिंगच्या पाण्यात वेगळा करा. तुमच्या कुंडीत जे पाणी जाणार त्याचाच आकडा खरा. आणि आरओ मशीनचं बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालण्याची बऱ्याच घरांत सवय आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात. ज्या कुंडीत जेल आहे तिला ते पाणी देऊ नका, जेल दर पाण्यागणिक थोडं थोडं मरत जातं.

प्रयोग संपला की उरलेल्या जेलवर एक चमचा मीठ भुरभुरून बघा. फुगलेले दाणे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसत असतात. मीठ पडल्यावर काही मिनिटांत त्यांच्या कडा ढिल्या पडतात, खाली पाणी सुटू लागतं, आणि ढीग बसत बसत लहानशा चिकट लगद्यावर येतो. खतं कुंडीत नेमकं काय करतात ते यात डोळ्यांनी दिसतं.

खतांचं सांगायचं तर युरियाची भीती नाही. युरियाच्या रेणूवर भार नसतो, त्यामुळे जेलवर फारसा परिणाम होत नाही. कॅल्शियम नायट्रेट, झिंक सल्फेट, फेरस सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, चुना ही मंडळी मात्र जेलची शत्रू आहेत. पानं पिवळी पडली म्हणून फेरस सल्फेट मातीत घालायची सवय असेल, तर जेल असलेल्या कुंडीत तेच फवारणीतून द्या. विरघळणारं १९:१९:१९ खत (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश समप्रमाणात) नेहमीच्या निम्म्या ताकदीने, तेही आधी साधं पाणी देऊन मग. चुलीची किंवा होमाची राख टाळा.

मात्रा. १० इंची कुंडीत वरचे दोन इंच सोडून साधारण ८ लिटर मिश्रण बसतं. मिश्रणाच्या दर लिटरला १ ते २ ग्रॅम, म्हणजे कुंडीला ८ ते १६ ग्रॅम. मधला १२ हा आकडा धरून चाला. ६ इंची कुंडीला २ ते ३ ग्रॅम पुरे. टांगत्या टोपल्या लवकर सुकतात, तिथे दर लिटरला २ ग्रॅम चालतील. या हिशेबाने १०० ग्रॅमचं पाकीट आठ मोठ्या कुंड्यांना पुरतं, किलोभरात ऐंशीच्या वर होतात. भाव नेहमी कुंडीमागे काढून बघा. छोट्या रंगीत पाकिटात तोच माल किलोच्या भावापेक्षा कितीतरी महाग पडतो. सियागंजातून किंवा छावणीकडच्या कृषी केंद्रातून किलोचं पाकीट आणून चार शेजाऱ्यांत वाटून घेणं शहाणपणाचं.

घालायची रीत अशी. मिश्रण आधी कोरडं असू द्या: कोकोपीट दोन भाग, कंपोस्ट दोन भाग, माती एक भाग, थोडी जाडसर वाळू. कोकोपीट धुतलेलं घ्या, नाहीतर त्यातलंच मीठ जेलला खातं. १२ ग्रॅम दाणे आधी दोन मुठी कोरड्या वाळूत कालवा आणि मग, तळाला आणि वर घालायला थोडं साधं मिश्रण बाजूला काढून, ती वाळू उरलेल्या सगळ्या मिश्रणात फिरवा. थेट ओल्या मातीत दाणे टाकले की पहिल्याच ठिकाणी फुगून गुठळी होते, बाहेरून ओली, आतून कोरडी. कुंडीच्या तळात दोन इंच साधं मिश्रण, त्यावर जेलचं मिश्रण, आणि वर पुन्हा दीड-दोन इंच साधं मिश्रण. काठापासून दोन इंच जागा रिकामी ठेवा. मग पाणी एकदम ओतायचं नाही. अर्धा लिटर घाला, वीस मिनिटं थांबा, परत अर्धा, परत थांबा. तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत असं तीन-चार वेळा. दाण्याला पूर्ण फुगायला तास-दोन तास लागतात आणि तेवढ्यात माती अर्धा-पाऊण इंच वर येते. ती वर येणं अपेक्षितच आहे. काठापर्यंत भरलेल्या कुंडीत मात्र माती बाहेर सांडते आणि रोपाची मुळं उघडी पडतात.

लोक सर्वात जास्त बिघडवतात ते तीन जागी. एक, दाण्यांचा वेगळा थर देतात, ‘मुळांच्या खाली पाण्याची टाकी’ अशा कल्पनेने. थर फुगला की एकसंध जेली होते, तिच्यातून हवा जात नाही, आणि महिन्याभरात मुळं काळी पडून कुजतात. दोन, ‘जास्त घातलं तर जास्त टिकेल’ म्हणून मूठभर टाकतात. पन्नास ग्रॅम दाणे ८ लिटरच्या कुंडीत म्हणजे निम्मी कुंडी जेल. झाड हलकं होऊन डुलायला लागतं, बुंध्याशी धरून ठेवायला माती उरत नाही. तीन, लावलेल्या जुन्या कुंडीवर दाणे वरून भुरभुरतात. वरचे दाणे उन्हात लवकर तुटतात, पहिल्या पाण्याला जेली होऊन पृष्ठभागावर पसरतात, त्यावर चिलटं बसतात आणि मांजरं-कबुतरं तोंड घालतात. जुन्या कुंडीत घालायचंच असेल तर पेन्सिलीने काठाच्या बाजूने सहा-सात इंच खोल आठ-दहा भोकं पाडा, प्रत्येकात एकेक ग्रॅम सोडा आणि मातीने बुजवा. काम किचकट आहे आणि नव्याने लावण्याइतकं परिणामकारक नाही.

आता मिळतं किती, ते स्पष्ट लिहू. १२ ग्रॅम गुणिले १०० पट म्हणजे कागदावर १.२ लिटर. मातीच्या दाबाखाली दाणा मोकळ्या पाण्यात फुगतो तितका फुगत नाही आणि खतांचे क्षार आपला वाटा घेतात, म्हणून निम्मं धरा: पाऊण लिटरच्या आत. मे महिन्यात भरगच्च जास्वंद दिवसाला अर्धा लिटर पाणी सहज उडवते. म्हणजे जेलने तुम्हाला साधारण एक दिवस मिळतो, थोडी सावली असेल तर दोन. रोजचं पाणी एक दिवसाआडवर येतं, आणि नळही एक दिवसाआड येत असेल तर सोय नेमकी बसते. आठवडाभराच्या गावाला मात्र हे पुरणार नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. त्यासाठी टायमरचं ठिबक, बादलीतून सुती वात सोडून केलेली सोय, नाहीतर चाव्या घेणारे शेजारी. कुंड्यांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी आणि मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंच थर, एवढ्यानेही पाणी उडायचं बरंच कमी होतं, आणि त्याला खर्च नगण्य.

पालक, मेथी, कोथिंबीर यांच्या उथळ ट्रेमध्ये, भाजीच्या रोपांच्या ट्रेमध्ये, मोगरा, जास्वंद, पुदिना यांना जेल मानवतं. तुळशीला निम्मी मात्रा. अडेनियम, कॅक्टस, कोरफड, जेड यांना अजिबात नको, त्यांना कोरडी मुळंच हवी असतात. आणि पावसाळ्याचं आधी ठरवा. इंदुरात वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्या गच्चीवरच्या कुंडीत जेल चार महिने तुडुंब राहतं. भोकं मोठी ठेवा, कुंडी विटांवर उचलून ठेवा, नाहीतर ओसरीखाली घ्या.

काळ्या मातीचा मुद्दा वेगळा काढून सांगायला हवा, कारण इंदुरात बंगल्याच्या अंगणातली माती बहुधा तीच. ही माती स्वतःच फुगणारी आहे. मॉन्टमोरिलोनाइट खनिजामुळे ती पाणी धरते, सुकली की मनगट जाईल एवढ्या भेगा पाडते. हिला पाणी धरायला शिकवायची गरज नाही, हिला हवा हवी आहे. जेल घालून फायदा थोडा, आणि कॅल्शियम भरपूर असल्यामुळे जेल त्यात पूर्ण फुगतही नाही. सोडियमवाली पूड घातली तर सरळ नुकसान. त्या पुडीत वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा सोडियम असतं, म्हणजे १० ग्रॅममध्ये सुमारे २ ग्रॅम. जेल मातीतलं कॅल्शियम पकडतं आणि आपलं सोडियम मातीला देतं. सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, वर कडक पापडी येते आणि पाणी वरच्यावर उभं राहतं. पाणी मुरावं म्हणून घातलेल्या वस्तूने पाणी मुरायचं थांबतं.

अशा मातीत पैसे कंपोस्टवर घाला. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदुरातच वनस्पती उद्योग संस्थेत काम करून जी कंपोस्टची पद्धत बसवली, तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. त्याच जागी आज कृषी महाविद्यालय आहे. त्या गावात पॉलिमरची पिशवी आधी आणि शेणखत नंतर, हा क्रम उलटा वाटतो.

शेतकऱ्यांसाठी थोडक्यात. पुसा हायड्रोजेलची शिफारस एकरी १ ते २ किलो आहे. एक भाग जेल दहा भाग बारीक कोरड्या मातीत मिसळून पेरणीच्या वेळी सरीत बियाण्याबरोबर द्यायचं, शेतभर फेकायचं नाही. मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या रोपांसाठी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम बारीक जेल ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि मुळं त्यात बुडवून लावायची. दोन्हींपैकी आम्हाला दुसरा उपयोग जास्त पटतो. रोप उपटल्यापासून रुजेपर्यंतच्या दोन-चार दिवसांत मुळांना चिकटलेली ओल फार मोलाची असते, आणि जेल लागतं चिमूटभर. सोयाबीन पावसावर येतं, तिथे खर्चाचा हिशेब बसवणं कठीण. हलक्या, मुरमाड माळावर नवी फळझाडं लावत असाल तर खड्ड्यात घालायला हरकत नाही.

जेल किती वर्षं चालतं? कुंडीत चांगलं म्हणता येईल असं दोन ते तीन वर्षं. ओलं-कोरडं होण्याच्या फेऱ्या, खतांचे क्षार आणि वरच्या थरात ऊन, यांनी क्षमता उतरत जाते. ‘पूर्णपणे जैवविघटनशील’ हा शिक्का पॉलिअॅक्रिलेटवर दिसला तर भुवई उंचावा. साखळीचे तुकडे होतात, पण जिवाणू ते फार सावकाश संपवतात. सेल्युलोज किंवा स्टार्चचा भाग लवकर जातो, अॅक्रिलेटचा रेंगाळतो.

आता सुरक्षिततेचं. इथे दोन टोकाची मतं ऐकू येतात, ‘हे विष आहे’ आणि ‘हे तर बाळाच्या डायपरमध्ये असतं, काय होणार’. दोन्ही चुकीची. बांधलेली साखळी एवढी मोठी असते की ती आतड्यातून रक्तात जात नाही. फाटलेल्या डायपरमधले चार दाणे बाळाच्या तोंडात गेले तर तोंड पुसा, पाणी किंवा दूध द्या, लक्ष ठेवा. सहसा काही न होता बाहेर पडतं. खोकला, श्वासाला त्रास, सतत उलटी दिसली तर मात्र दवाखाना. त्वचेवरच्या पुरळाला बहुतेक वेळा जेल जबाबदार नसतं, वेळेवर न बदललेला डायपर असतो. सॅनिटरी पॅडबद्दलची भीती १९८० च्या सुमाराच्या अमेरिकेतल्या टॅम्पॉनच्या प्रकरणांतून (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या ‘टॉक्सिक शॉक’ या जीवघेण्या आजारातून) आलेली आहे. तो प्रश्न शरीराच्या आत तासन्‌तास राहणाऱ्या, फार जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनचा होता. बाहेर वापरायच्या पॅडला तो तसाच लावता येत नाही.

खरा धोका रंगीत मण्यांचा आहे आणि तो रसायनाचा कमी, आकाराचा जास्त. कोरडा मणी दोन-तीन मिलिमीटरचा, गोळीसारखा गोड दिसणारा. मुलाने गिळला की पोटात तासन्‌तास फुगत राहतो. साधा मणी सेंटिमीटरच्या वर जातो, ‘जम्बो’ म्हणून विकतात ते कित्येक सेंटिमीटरचे होतात. आतडं तुंबतं. अमेरिकेत २०२३ साली दहा महिन्यांच्या बाळाचा असा मृत्यू झाल्यावर एक किट बाजारातून परत मागवलं गेलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अॅमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट यांनी तिथे मुलांसाठीचे असे मणी विकणं बंद करायचं जाहीर केलं. आपल्याकडे जत्रेत, स्टेशनरीच्या दुकानात ते अजून खेळणं म्हणून मिळतात. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका. उलटी काढू नका. पाकीट किंवा एक कोरडा मणी बरोबर घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि ‘पाण्यात फुगणारा मणी’ असं स्पष्ट सांगा, कारण साध्या एक्स-रेमध्ये हा मणी दिसत नाही आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून मूल घरी पाठवलं जाऊ शकतं. पोट फुगणं, उलट्या, शी न होणं, लाळ गळणं, अन्न नाकारणं ही लक्षणं. कानात किंवा नाकात गेला असेल तर थेंब घालू नका, पाणी तर नाहीच. ओलाव्याने तो तिथेच फुगतो. सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञ.

अॅक्रिलामाइड हा दुसरा मुद्दा. पॉलिअॅक्रिलामाइड स्वतः निरुपद्रवी, पण बनवताना शिल्लक राहिलेलं सुटं अॅक्रिलामाइड नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलंय. म्हणून को-पॉलिमर घेताना ज्याच्या माहितीपत्रकात उरलेल्या मोनोमरचं (म्हणजे या सुट्या अॅक्रिलामाइडचं) प्रमाण दिलेलं आहे असाच माल घ्या. ते विचारल्यावर दुकानदार गोंधळला तर पुसा किंवा शुद्ध पोटॅशियम पॉलिअॅक्रिलेट मागा.

हाताळताना पुडीची धूळ टाळा. बारीक कण नाकात-घशात गेले की तिथली ओल ओढून घेतात आणि खोकला लागतो. कारखान्यांसाठी जर्मनीत श्वासातून आत जाणाऱ्या या धुळीची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. घरी एवढंच: पंखा बंद, साधा मास्क, पाकीट वरून न ओतता चमच्याने काढा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, चोळू नका. आणि फरशीवर सांडलं तर ओलं फडकं अजिबात फिरवू नका. ओली पूड बर्फासारखी निसरडी होते, वयस्कर माणूस घसरून पडेल. आधी कोरड्या झाडूने गोळा करा. पाणी लागून गेलंच असेल तर वर मूठभर मीठ टाका, दहा मिनिटांत लगदा बसतो, मग सुपलीने भरून कचऱ्यात. बेसिनमध्ये किंवा संडासात ओतायचं नाही. पाइपच्या वळणावर जाऊन फुगलं की प्लंबर बोलवावा लागतो.

वापरलेल्या डायपरमधलं जेल काढून कुंडीत घालायचे व्हिडिओ फिरत असतात. सोडियमचं वर सांगितलंच. त्यात लघवीचे क्षार आणि जंतू मिळवा, म्हणजे न करण्याची कारणं पूर्ण होतात. कोरा डायपर फाडून काढलेल्या जेलमध्येही कापसाचे तंतू असतात, आणि सोडियम तेवढंच. इंदुरात घरोघरी येणाऱ्या कचरागाडीत सहा वेगळे कप्पे आहेत, त्यातला सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा याच्यासाठी आहे. गुंडाळून, वर लाल खूण करून तिथेच टाका. ओल्या कचऱ्यात गेलं तर ते देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात पोहोचतं. तो दिवसाला ५५० टन ओला कचरा घेतो, आणि पॉलिमर काही कुजत नाही. निवडणाऱ्या माणसाला तो हाताने काढावा लागतो.

फ्रीजमधल्या निळ्या कोल्ड पॅकमध्येही बहुधा हेच जेल असतं. फुटला तर त्यातलं कुंडीत ओतू नका. त्यात रंग आणि बुरशीनाशक मिसळलेलं असू शकतं.

दुकानात चार गोष्टी तपासा: रासायनिक नाव, दाण्याचा आकार, उत्पादनाची तारीख आणि पाकिटाची शिवण. शिवण सुटलेली असेल आणि आत दाणे एकमेकांना चिकटले असतील तर घेऊ नका. त्याने हवेतली ओल पिऊन घेतली आहे, आणि तुम्ही पाण्याचे पैसे देताय. कुंड्यांसाठी जाड दाणे, मुळं बुडवायला बारीक. उरलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, औजारांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा. स्वयंपाकघरात मात्र नको. पावसाळ्याआधी बरणीत तांदळाची पुरचुंडी टाकू नका, सिलिका जेलची पुडी टाका. तिचा इथे खरंच उपयोग होतो.